चुण्या मोडतील

८ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

आपण एका पलंगावर झोपायचो तेव्हा शाळेचे दोन्ही निळे स्कर्ट गादीखाली अंथरलेले असायचे, आठवतं? रोज इस्त्री करायला आईला सवड नव्हती. मग चुण्या एकेक करून बोटांनी दाबायच्या, त्यावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर गादी आणि गादीवर आपण. तू आईचा आवाज काढून मला दरडावायचीस, "ताई, हलू नकोस, चुण्या मोडतील." हलायचीस खरं तर तूच. सकाळी माझा स्कर्ट सुरीसारखा आणि तुझा कुणीतरी चावून टाकल्यासारखा. प्रार्थनेच्या रांगेत सिस्टर तुझ्याकडे अशा बघायच्या की रात्रभर तू कुठे दरोडा घालून आलीस.

हे आज का आठवलं ते सांगता येत नाही. पत्र बघून तुला नवल वाटेल. आई गेल्यापासून आपल्यात अक्षराचीही देवघेव नाही. भांडण उकरायला लिहीत नाही. एकच सांगायचं आहे. आईला जे झालं होतं त्याची तपासणी तू एकदा करून घे. आपल्या वयात सगळ्याच बायकांनी करावी म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंना त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं आहे की सख्ख्या बहिणीला ताबडतोब कळवा. म्हणजे त्यांच्या बहिणीला.

त्या बाईंची गाठ डिसेंबरात काढली. आता सलाइनमधून औषध देतात. सहा वेळा द्यायचं आहे, दोनदा झालं. बाई गाठीला घाबरल्या नाहीत, पण उलट्यांनी पार चिपाड झाल्या आहेत. औषधानंतर होतात त्या होतातच, आता औषधाच्या आधीही होतात. हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार दिसलं की पोटात ढवळतं. परवा तर कहर झाला. बँकेच्या रांगेत तिथली नर्स उभी होती, साध्या कपड्यांत, खांद्याला पिशवी. बाईंनी तिला पाहिलं आणि तिथेच, स्लिपा भरायच्या टेबलाशी, सगळं बाहेर. ती नर्स बिचारी पाठ चोळत म्हणते, "काकू, माझं तोंड इतकं वाईट आहे का?"

मी तिथे हजर होते म्हणून एवढं ठाऊक.

तपासणी कर.

ताई


२० फेब्रुवारी

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. "तपासणी केली. काही निघालं नाही. त्या बाईंना सांग, माझ्या आधी जायची घाई करू नकोस." त्या बाईंना सांग, आणि पुढे "नकोस"! व्याकरणात तुला कधी पासापुरतेसुद्धा गुण मिळाले नाहीत, ते या एका ओळीसाठी राखून ठेवले होतेस काय? मी कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात यांना ऐकू जात नाही असा माझा समज आहे. यांचाही तसाच आहे, ते न्हाणीघरात नळ सोडतात.

तर ती बाई मी.

आता खरं ते सगळंच सांगते. मी डॉक्टरांना काल सांगून आले की बस. तिसरं औषध सव्वीस तारखेला होतं, ते मी घेणार नाही. घरात एक हिरवा टब आहे, त्याच्याशी माझं जितकं बोलणं होतं तितकं यांच्याशी होत नाही. पाणी पोटात ठरत नाही. गाडीच्या किल्ल्या खुळखुळल्या तरी तोंडाला पाणी सुटतं, वाईट अर्थाने. हे काल म्हणाले, "अगं, एवढी गाठ काढून घेतलीस, आता काठाशी येऊन पाय मागे घेतेस?" मी म्हटलं, "काठ तुम्हाला दिसतो. मला टब दिसतो."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवून नीट सांगितलं की औषध पुरं केलं तर दुखणं परतायची भीती किती कमी होते आणि सोडलं तर किती राहते. आकडे मला समजले, आणि समजले म्हणूनच भीती वाटली. मग म्हणाले, "निर्णय तुमचा. फक्त तळमजल्यावर एक बाई आहेत, त्यांना भेटून मग नाही म्हणा. त्या संमोहन करतात."

मी म्हटलं, "म्हणजे डोळ्यांसमोर घड्याळ हलवायचं आणि टोपीतून ससा?"

"ससा नाही," डॉक्टर म्हणाले. "खुर्ची आहे."

आज जाऊन आले. खुर्ची खरोखरच आहे. चादरींच्या कोठाराशेजारची छोटी खोली, मागे कलणारी तपकिरी खुर्ची, एक पंखा, भिंतीवर काही नाही. बाई चाळिशीच्या, पायात कापडी बूट. मानसशास्त्र शिकलेल्या आहेत. बसल्या बसल्या म्हणाल्या, "एक आधीच सांगते. गाठीला मी हात लावत नाही. ते काम डॉक्टरांचं आणि त्या औषधाचं. तुम्हाला बरं करीन असं मी म्हणणार नाही. मी फक्त तुमच्या उलटीशी बोलणार आहे."

हे वाक्य मला आवडलं. तू हसशील हे माहीत असूनही लिहिते.

पण पुढे फजिती. मी कॉन्व्हेंटची मुलगी असं त्यांनी ऐकलं असावं, म्हणून माझी सोय बघून त्यांनी सगळं इंग्रजीत सुरू केलं. हळू, मऊ, मुरलेल्या आवाजात. डोळे मिटा, श्वास सोडा, खांदे सोडा. ठकू, माझी पाठ ताठ झाली. गुडघे जुळले. हात मांडीवर, नखं दिसतील असे. सिस्टर पाठीमागे पट्टी घेऊन उभ्या आहेत आणि आता मला स्पेलिंग विचारणार. बाई म्हणाल्या, दहा पायऱ्या उतरा. माझे गुडघे तुला माहीत नाहीत, मी पहिल्या पायरीवरच कठडा शोधत राहिले. मग त्यांनी समुद्रकिनारा काढला. मला चपलेत वाळू गेलेली आयुष्यात कधी सोसली नाही. डोळे उघडून मी विचारलं, "लिफ्ट नाही का हो तुमच्याकडे?"

त्या हसल्या. हसून घेतल्यावर म्हणाल्या, "चूक माझी. उद्या या. पण येताना एक शोधून आणा. अंगाने अगदी स्वस्थ, न हलता पडून असायचात असं कधी होतं, ते. तुमच्या शब्दांत."

अजून नाही म्हटलेलं नाही एवढंच. उद्या जाऊन बघते.

ताई


१ मार्च

ठकू,

तुझं दुसरं कार्ड अगदी तुझ्यासारखं. "शेवटी तूही डोळे मिटायला लावणाऱ्याकडेच गेलीस. मी आणला तेव्हा मात्र दाराला कडी."

हो, कडी. तो माणूस आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला की हॉस्पिटलची औषधं विष आहेत, ती बंद करा. ते दार आज माझ्यासमोर असतं तर मी आजही लावलं असतं, आणि वर खुर्ची टेकवली असती. पण तू तेव्हा घसा फोडून सांगत होतीस की ताई, आई दोन आठवड्यांनी आज दुपारी पहिल्यांदा झोपली. ते मला आता कळतं आहे. तू आराम बघत होतीस आणि मी औषध बघत होते, आणि त्या घरात दोन्ही एका वेळी मावत नव्हतं. या बाईंच्या खोलीत दोन्ही मावतं. तो म्हणाला औषध सोडा. ही म्हणते औषध घ्यायला बळ आणू. एवढा एकच फरक आहे, आणि तो पुरेसा आहे.

आता ऐक काय झालं ते. दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं की गादी, स्कर्ट, चुण्या. त्यांना चुण्या कळलं नाही. मी म्हटलं, प्लीट्स. "हां, प्लीट्स," म्हणून त्यांनी मला खुर्चीत निजवलं आणि हळूच म्हणाल्या, "हलू नका, प्लीट्स मोडतील." काहीच नाही. प्लीट्स शाळेतल्या, ठकू. प्लीट्स सिस्टर बघायच्या आणि मोजायच्या. घरी फक्त चुण्या होत्या. मी म्हटलं, तसं नाही, "हलू नकोस, चुण्या मोडतील." नका नाही, नकोस. आणि थोडं दरडावून. माझ्याहून धाकटं कुणीतरी बोलतं आहे असं.

त्या शिकलेल्या बाईंनी न लाजता तीन-चारदा घोकलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला, आवाजाचा सूर लावून देणं मला जमतं. अखेर त्यांचा लागला.

त्यानंतरचं सांगायला शब्द अपुरे आहेत. झोप नव्हती. पंखा ऐकू येत होता, कोठारात कुणीतरी चादरी आपटत होतं. पण माझं अंग आपणहून सपाट झालं, टाचांपासून मानेपर्यंत, जसं सगळ्या अंगाखाली काहीतरी नीट रचून ठेवलं आहे आणि ते मला जपायचं आहे. जबडा सुटला. जबडा इतके दिवस आवळलेला होता हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी लिफ्टचं दार आणलं, मी बघितलं, ते नुसतं दार होतं. त्यांनी सुईची चाहूल दिली, मी म्हटलं, येऊ दे. गंमत म्हणजे हुकूम सगळा माझ्याकडेच होता. मला वाटत होतं की संमोहनात माणूस दुसऱ्याच्या मुठीत जातो. इथे मूठ माझीच होती, फक्त पहिल्यांदा सैल.

रोज घरी सराव करायचा म्हणून त्यांनी आपल्या आवाजात एक ध्वनिफीत करून दिली. मी सव्वीस तारखेला गेले. हो, गेले. आधीची उलटी झाली नाही. नंतर झाल्या, पण मोजक्या, माणसासारख्या. नर्सच्या तोंडाकडे मी सरळ बघितलं आणि विचारलं, "बँकेचं काम झालं का गं?"

हे घरी येईपर्यंत टब मांडीवर धरून बसले होते. रिकामा.

ताई


२३ मार्च

माझी ठकू,

आता कार्ड नाही, पाकीट! आणि त्यात तीन पानं. तुझं अक्षर अजून उतारावरून घरंगळतं. तुझ्या सुनेचं आणि नातीचं वाचून मी यांनाही वाचून दाखवलं. तुझे यजमान निवृत्त झाल्यापासून घरातली सगळी घड्याळं उघडून बसतात हे वाचून हे फार खूश झाले. म्हणाले, "म्हणजे असे आम्ही जगभर आहोत."

चौथं झालं. त्याची गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे.

सलाइन लावतात त्या आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत एक कंडक्टर येतात. पस्तीस वर्षं बसमध्ये घंटी मारली. पोटाचा आजार आहे. आवाज असा की हॉलभर "पुढे सरका" पसरतं. मी संमोहनवाल्या बाईंकडे जाते हे कळल्यापासून मला छेडायचे. "काय ताई, आज कुठल्या जन्मात जाऊन आलात? तिकीट काढलंत ना?" पण त्यांनाही झोप नव्हती. पाठीत कळा यायच्या. शेवटी तेही गुपचूप तळमजल्यावर जाऊन आले. बाईंनी त्यांचीही फीत केली.

परवा नर्सने दोघांची यंत्रं एकाच ट्रेमध्ये ठेवली आणि अदलाबदल झाली. माझ्या कानात दोन घंट्या वाजल्या, आणि बाई म्हणाल्या, "शेवटची फेरी. गाडी रिकामी आहे. सुटली." मला हसू आवरेना, सुई हलली असती. तोवर खिडकीकडून घोरणं सुरू झालं. खिडकीबाहेरची पाखरं उडावीत असं. कंडक्टर माझ्या गादीवर झोपले होते.

जागे झाल्यावर म्हणाले, "ताई, झोप झकास लागली. पण या चुण्या कोण? आणि त्या मोडणार का आहेत? मला काळजी लागून राहिली."

सगळा हॉल हसला. सलाइन लावून, टकलांवर टोप्या घालून माणसं हसताना तू पाहिली नसशील. नर्सने लगेच शब्द उचलला. आता सुई टोचताना कुणालाही म्हणते, "चुण्या," आणि लोक खांदे सोडतात. ज्यांनी जन्मात स्कर्ट घातला नाही तेही. बाईंनी मात्र डोळे वटारले. म्हणाल्या, "गंमत ठीक आहे. पण प्रत्येकाला त्याचंच लागतं. कंडक्टर झोपले ते थकलेले होते म्हणून." खरं असेल. कंडक्टर ऐकायला तयार नाहीत.

मी चमचा चमचा सूप पिते. कालपासून टोस्टही.

ताई


२ मे

ठकू, ठकू,

पाचवं झालं, परवा सहावं झालं. शेवटचं. मी हे वाक्य परत लिहिते, कारण मला लिहायला मजा येते आहे. शेवटचं झालं.

पाचव्याचं सांगत नाही. ते वाईट गेलं. मधे ताप आला, आठवडाभर हॉस्पिटलात काढला, हे तुला यांनी फोनवर सांगितलंच, मी सांगू नका म्हटलं असूनही. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे फोनवर बोलता हे मला आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगते. सहाव्यासाठी उठताना मला पुन्हा पहिल्यासारखं वाटलं. किल्ल्या खुळखुळल्या आणि तोंडाला पाणी. इतकं शिकलेलं सगळं पुसलं गेलं की काय, अशी धास्ती. यांनी टब काखेत घेतला.

आणि बाई नव्हत्या. त्यांचे वडील आजारी, त्या गावाला. फितीचं यंत्र घाईत घरी राहिलेलं. वर शीर सापडेना. नर्सने एका हाताला शोधली, दुसऱ्या हाताला शोधली, तिच्या कपाळावर घाम. "काकू, आज परत जायचं का? उद्या बघू?"

ठकू, उद्या म्हटलं असतं तर मी परत आले नसते. मला ते नक्की माहीत होतं. यांनाही. हे खिडकीबाहेर बघत होते.

मी म्हटलं, "थांब." डोळे मिटले. बाईंचा आवाज आठवून बघितला, आला नाही. तुझाही आला नाही. मग मी माझ्याच आवाजात म्हटलं, तोंडातल्या तोंडात. एक्स्चेंजमध्ये आम्ही फार घाबरलेल्या माणसांशी बोलायचो तो आवाज, आग लागली आहे, अपघात झाला आहे, बाई जोडून द्या. त्यांना मी नेहमी म्हणायचे, मी लाइनवर आहे. इतकी वर्षं लोकांना म्हटलं, स्वतःला कधी म्हटलं नव्हतं. मी लाइनवर आहे. खांदे सुटले, जबडा सुटला, हात नर्सच्या हातात एखाद्या ओल्या टॉवेलसारखा पडला. "सापडली," ती म्हणाली.

औषध सुरू झालं. थोड्या वेळाने मला एक वेगळीच भावना झाली, ती ओळखायला वेळ लागला. भूक.

मी यांना म्हटलं, "कँटीनमधून सँडविच आणा."

"कुणाला?"

"मला."

"इथे?"

"नाही, बँकेत."

त्या कँटीनच्या वासाने मी जिन्यात ओकलेली आहे. चीजचं सँडविच, कागदात गुंडाळलेलं, कडा वाळलेल्या. मी पहिला घास घेतला आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. नर्स हातातलं काम थांबवून उभी. मी चावला, गिळला, वाट बघितली. पोट म्हणालं, पुढचा. मी दुसरा घेतला. खिडकीजवळून कंडक्टर ओरडले, "ताई, पुढे सरका!" मी सगळं संपवलं. कागदाला चिकटलेला चीजचा तुकडासुद्धा बोटाने काढून खाल्ला, सिस्टरांनी बघितलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं. टाळ्या पडल्या. एका हाताला सुई असताना लोक दुसऱ्या हाताने मांडीवर थापटी मारून टाळी वाजवतात.

हे टब घेऊन उभे होते. त्यांना तो कुठे ठेवावा कळेना. शेवटी त्यात आपलं वर्तमानपत्र आणि चष्मा ठेवला, खाली बसले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नळ न सोडता रडले.

ताई


२५ मे

प्रिय ठकू,

डॉक्टरांनी तपासलं. उपचार पूर्ण. किरणांचा शेक लागणार नाही. आता ठरावीक महिन्यांनी दाखवायला यायचं, तेवढं आयुष्यभर आहेच. मी विचारलं, "बरी झाले म्हणू का?" ते म्हणाले, "आज तुमच्या अंगात मला काही सापडत नाही, असं म्हणा." मी तेच म्हणते, सकाळ-संध्याकाळ, भाजीवाल्यालाही सांगितलं.

बाई परत आल्या. त्यांचे वडील सुधारले. माझी सँडविचची हकिकत त्यांनी नर्सकडून, कंडक्टरांकडून आणि लिफ्टवाल्याकडून अशी तीनदा ऐकली होती, तरी माझ्याकडून चौथ्यांदा ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे आता माझी गरज नाही. माझ्या धंद्यात याला पगारवाढ म्हणतात."

डोक्यावर केस आले आहेत, कोवळे, उंदरासारखे. हे येता-जाता हात फिरवतात.

सोबत एक खोकं पाठवते आहे. त्यातलं नीट वाटून दे, सगळं स्वतःकडे ठेवू नकोस. लोकरीच्या टोप्या तुमच्या गावातल्या हॉस्पिटलला दे, जिथे सलाइन लावतात त्या हॉलमध्ये. तपकिरी टोपी टोचते, तिला आतून कापड लाव आणि मग दे. विग तुझ्या नातीला नाटक-नाटक खेळायला. तो कुरळा आहे, मी तो एकदाच घातला आणि यांनी मला शेजारीण समजून नमस्कार केला. निळी शाल सुनेला, तिने मला न बघता मोजे विणून पाठवले म्हणून. बंद पडलेलं गजराचं घड्याळ तुझ्या यजमानांना. ते चालू झालं तरी परत पाठवू नका.

तुझ्या वाट्याला आईची आरामखुर्ची आहे. ती खोक्यात बसत नाही. कुरियरवाल्याला विचारलं, तो म्हणाला एवढं मोठं सामान आम्ही नेत नाही, मालकाने स्वतः येऊन घेऊन जावं.

खोटं कशाला लिहू. त्याला मी विचारलंच नाही.

ताई